जुन्याच घटकांच्या थर्मोप्लास्टिक कोटिंगला पेटंट मिळेल का? पेटंट कायद्याच्या कलम ३(ई)बद्दल (नुसत्या मिश्रणाला पेटंट नाही) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

भोसरीला आमचं छोटं कोटिंग युनिट आहे. बाल्कनीच्या जाळ्या, बागेतल्या खुर्च्या, दुकानांचे रॅक अशी शोभेची कामं. आम्ही इपॉक्सी-पॉलिएस्टर पावडर वापरत नाही, पॉलिइथिलीन वापरतो. जॉब, म्हणजे कोटिंग करायची वस्तू, भट्टीत तापवायचा, फ्लुइडाइज्ड बेडमध्ये (हवेने तरंगत्या ठेवलेल्या पावडरच्या टाकीत) बुडवायचा, की पावडर धातूवरच वितळून बसते.

यातलं दुखणं धंद्यातल्यांना माहीत असेल: पॉलिइथिलीन धातूला नीट धरत नाही. म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइड ग्राफ्ट केलेलं पॉलिइथिलीन (म्हणजे पकडीसाठी ते रसायन साखळीला जोडलेलं) मिसळतात. ते जुनंच. पण मोतिया चमकेसाठी अभ्रकाचं पिगमेंट वाढवलं की आमच्याकडे पकड सुटायची, कडेने सालपट निघायचं. आता आम्ही अभ्रकावर आधी एक प्रक्रिया करतो आणि ग्राफ्टचं प्रमाण उलट कमी ठेवतो. चमक राहते, आणि उकळत्या पाण्यात ठेवूनही पकड टिकते. का टिकते, ते मलाही सांगता येत नाही!

पेटंट एजंट म्हणतात, घटक सगळे बाजारातले, ३(ई)ची हरकत येणारच. मग अर्ज करावा की फॉर्म्युला गुपित ठेवावा? पुढच्या महिन्यात प्रदर्शनात स्टॉल आहे, तिथे नमुने मांडले तर चालतील का?

प्रतिसाद १

दादा, घटक जुने आहेत म्हणून पेटंट अडत नाही. ३(ई) अडवतं ते गुणांची नुसती बेरीज असलेल्या मिश्रणाला. ग्राफ्ट कमी करूनही पकड टिकते, हीच तुमची जमेची बाजू. पण ती आकड्यांत दाखवा. सारख्या जाडीच्या पट्ट्या घ्या: नुसतं ग्राफ्ट, नुसतं प्रक्रिया केलेलं अभ्रक, दोन्ही मिळून, आणि चौथी साध्या अभ्रकाची. घटकांच्या प्रमाणाची जी मर्यादा पेटंटमध्ये मागणार, तिच्या दोन्ही टोकांना आणि जरा बाहेरही चाचणी करा. तक्ता अर्जातच घाला, कारण कलम ५९मुळे मूळ तपशिलात नसलेली गोष्ट नंतर घुसवता येत नाही. 'का' सांगता आलं नाही तरी चालेल, 'कसं' मात्र पूर्ण लिहावं लागेल.

स्टॉलआधी निदान प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज, टाकाच. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन मूळ फी १,६०० रुपये, पूर्ण तपशिलाला १२ महिने. आधी प्रदर्शनात मांडलं तरी नवेपणा जात नाही, ही कलम ३१ची सवलत केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच आहे, कुठल्याही स्टॉलला नाही.

गुपिताचं म्हणाल, तर फक्त जॉबवर्क करणार असाल तर ठेवा. पावडर विकणार असाल तर कुणीतरी ती प्रयोगशाळेत नेणारच.

धागाकर्ता

आभार! पावडर विकायचाच विचार आहे. अभ्रकावरच्या प्रक्रियेसाठी वेगळा अर्ज लागेल का?

प्रतिसाद १

कल्पना एकच असेल तर मिश्रण आणि प्रक्रिया, दोन्ही दावे (म्हणजे ज्यावर हक्क मागता ते मुद्दे) एका अर्जात बसतात, कलम १०(५). दावे १०च्या आत ठेवा, त्यापुढे प्रत्येकाची जादा फी.