बीएलएसच्या (हृदय बंद पडलं की छाती दाबायची, श्वास द्यायचा ते ट्रेनिंग) प्रॅक्टिकलला छाती दाबायची डेप्थ येत नाही, रविवारी परत टेस्ट आहे, मदत हवी

सिस्टर_मिरज: बीएलएसच्या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले, डमीचा हिरवा लाइट लागेनाच, सर म्हणले डेप्थ कमी पडतीय. थिअरी पाठ आहे ती नका सांगू. रविवारपर्यंत हातात ताकद यायला काय करू? लवकर सांगा, नाइटला जायचंय.

कृष्णाकाठ: मोठ्या माणसाची डमी का बाळाची? लाइट पहिल्यापासून लागत नाही का दमल्यावर?

सिस्टर_मिरज: मोठ्याचीच की. पहिले दहा-बारा लागतात मग बंद.

तालीम_सांगली: रोज जोर मारा, दंड भरले की आपोआप जमतंय.

सातारकर: आमच्या सोसायटीत शिकवलं की श्वास द्यायचाच नाही, नुसतं दाबत राहायचं.

कॅज्युअल्टी_ड्युटी: सातारकर, ते सर्वसामान्य लोकांसाठी. नर्सला अँबू बॅगनं (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) ३०:२, म्हणजे तीसदा दाबून दोन श्वास, द्यावंच लागतं, आणि बुडालेल्याला तर श्वास आधी.

सातारकर: पण घाटावर पालथं करून पोटातलं पाणी काढतात ते?

कॅज्युअल्टी_ड्युटी: अजिबात करू नका! वेळ जातो आणि उलटी फुप्फुसात जायची भीती.

जुनी_सिस्टर: बाळ, डमी कुठं ठेवलेली? आणि तुझी उंची किती?

सिस्टर_मिरज: कॉटवर, गादी होती. ४ फूट ११ इंच.

जुनी_सिस्टर: मग ताकदीचं सोड. स्टूलवर चढ, खांदे थेट हातांच्या वर आले पाहिजेत, कोपरं ताठ, वजन कमरेतनं टाक. गादी खाली दबते त्यात तुझा निम्मा जोर जातो, पाठीखाली फळी माग. ५ ते ६ सेंमी आत गेलं पाहिजे आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे, तिच्यावर रेलून राहू नको. मी पण बुटकीच आहे, वॉर्डात स्टूल शोधत पळालेय, तेवढ्यात पेशंटचा वेळ गेला ते अजून डोक्यातनं जात नाही, म्हणून सांगते, ड्युटीला आलं की आधी स्टूल कुठाय बघायचं.

कृष्णाकाठ: स्पीड पण बघा, मिनिटाला १२० च्या वर गेलं की डेप्थ कमी होते. दर २ मिनिटांनी माणूस बदला.

गल्फ_जॉब: बीएलएस पास झाल्याचं कार्ड २ वर्षंच चालतं ना? रिन्यू मिरजेत होतं का?

सिस्टर_मिरज: ताई, आत्ता ट्रेनिंग रूममधल्या डमीवर स्टूल घेऊन केलं, तीसच्या तीस हिरवे लागले!! फक्त विसाच्या पुढं घाई होतीय.

जुनी_सिस्टर: मोबाइलवर मिनिटाला ११० चा ठोका लाव, तोंडानं मोठ्यानं मोज. रविवारी स्टूल आणि फळी मागायला लाजू नको.