अनुभव धागा: अशांत देशात अडकलात तेव्हा काय केलंत?

सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडू पेटलं तेव्हा ठाणे जिल्ह्यातली कितीतरी माणसं नेपाळमध्ये होती. कोणी पशुपतिनाथाला, कोणी मुक्तिनाथाला, कोणी ट्रेकला. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीतलं एक कुटुंबही तिथेच होतं. टीव्हीवर जळत्या इमारती दिसत होत्या, पण औषधाच्या गोळ्या संपल्या तर काय करायचं, कर्फ्यूत विमानतळावर कसं पोचायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनाच लिहायला बोलावलं आहे.

माझं मत आधीच मांडते. गडबड सुरू झाली की सगळ्यात धोक्याचा असतो तो हॉटेल ते विमानतळ हा रस्ता. त्यामुळे पळून कसं यायचं याच्याआधी आहे तिथे चार-पाच दिवस थांबता येईल का, याची तयारी हवी. पटत नसेल तर तसंही मोकळेपणी लिहा.

नौपाडा, ठाणे (नेपाळ, २०२५)

आम्ही चौघं होतो, सासूबाई-सासरे बरोबर. समाजमाध्यमांवर बंदी आली ४ सप्टेंबरला, तेव्हा आम्ही पोखऱ्यात होतो आणि बाजारात तोच विषय होता. काठमांडूला आलो आणि ८ तारखेला बंदीविरुद्ध निघालेल्या तरुणांच्या मोर्चावरच्या गोळीबारात १९ जण गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पंतप्रधान ओलींच्या राजीनाम्याची बातमी आली. मला वाटलं, सुटलो, आता शांत होईल. पण झालं उलटंच. सिंहदरबार (सरकारची मुख्य कचेरी), संसद, हिल्टन हॉटेल, सगळीकडून काळा धूर. विमानतळ बंद. रस्त्यावर पोलीस दिसेनात. मला कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की सरकार पडतं ती रात्र सगळ्यात वाईट, कारण त्या रात्री कोणाचाच वचक नसतो. रात्री सैन्य रस्त्यावर आलं तेव्हा कुठे आवाज कमी झाले.

आमचं हॉटेल काठमांडूच्या थामेल भागातल्या आतल्या गल्लीत होतं, छोटंसंच. मालकाने शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं, पाटीवरचे दिवे मालवले आणि आम्हाला रस्त्याकडच्या खोल्यांतून मागच्या बाजूला हलवलं. गच्चीवर जाऊन व्हिडिओ काढायला निघालेल्या मुलांना त्याने जिन्यातच अडवलं. ‘बाहिर नजानुस्’ (बाहेर जाऊ नका) एवढंच म्हणायचा, पण असं म्हणायचा की कोणी उलट बोललं नाही. त्याच्या बायकोने डाळ-भाताचा मोठा टोप चढवला, आम्ही बायका भाजी चिरायला बसलो.

सासऱ्यांच्या प्रेशरच्या आणि शुगरच्या गोळ्या मी ठरलेल्या दिवसांच्या दुप्पट घेते, कुठेही गेलं तरी. अर्ध्या हातातल्या पर्समध्ये, अर्ध्या बॅगेत. तिथे औषधाची दुकानं बंदच होती. रोख पैसेही आम्ही चौघांत वाटून ठेवले होते. १० तारखेला संध्याकाळी विमानतळ उघडला, पण लगेच धावलो नाही. आमच्या विमानाची वेळ नक्की झाल्यावरच, तिकिटाचा छापील कागद हातात धरून निघालो. वाटेत सैनिकांनी तो कागद बघितला आणि सोडलं. मोबाइलची बॅटरी तेव्हा कुणाच्याच भरवशाची नव्हती.

(छापील तिकिटाबद्दल: कर्फ्यूत विमानाचं तिकीट आणि पासपोर्ट हाच पास म्हणून चालतो, असा अनुभव श्रीलंकेत आणि बांगलादेशात अडकलेल्यांनीही मला कळवला आहे. निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रत काढून घ्याच.)

खारघर (बांगलादेश, जुलै २०२४)

लेक कुमिल्ल्याला एमबीबीएस करत होती. आरक्षणाविरुद्धचं आंदोलन चिघळलं आणि १८ जुलैपासून इंटरनेट बंद. व्हॉट्सअ‍ॅप नाही, साधा कॉलही लागेना. आम्ही दोघं नवरा-बायको आळीपाळीने नंबर फिरवत बसायचो. तिच्या कॉलेजातल्या भारतीय मुलींनी मात्र फार शहाणपणाने घेतलं. एकटीदुकटीने निघायचं नाही असं ठरवलं, दूतावासाशी आणि कॉलेजशी बोलून गाड्या मिळवल्या आणि आखौड्याच्या सीमेवरच्या चेकपोस्टवरून त्रिपुरातल्या आगरताळ्यात आल्या. पलीकडे आल्यावर भारतीय सिम चालू झालं आणि ‘बाबा, आगरताळा’ एवढाच मेसेज आला. त्या दिवसांत साडेचार हजारांहून जास्त विद्यार्थी असे परतले.

ताई, तुमचं थांबायचं मत शहरातल्या पर्यटकाला लागू आहे. पण सीमा दीड-दोन तासांवर असेल आणि सोबत असेल, तर उजेडी निघून जाणंच बरं. आणि आधीपासून सगळ्यांनी दूतावासाकडे नाव नोंदवलेलं असावं. ती यादी नसती तर मुली कुठे आहेत हे कोणाला कळलं असतं?

नेरूळ (जहाजावर)

त्याच जुलैत आमचं जहाज चट्टग्रामला होतं. नेट बंद म्हणजे कस्टम्सची कामंही अडली, कंटेनर साचत गेले. कॅप्टनने कोणालाही बंदरात उतरू दिलं नाही. कंटाळा आला, पण निर्णय शंभर टक्के बरोबर होता.

वाशी (केनिया, जून २०२४)

कामानिमित्त नैरोबीला जावं लागतं. आंदोलनालाही वार-तारखा असतात, हे मी तिथे शिकलो. कर वाढवणाऱ्या फायनान्स बिलाविरुद्धचे मोर्चे मंगळवारी आणि गुरुवारी निघायचे. आमच्या तिथल्या ड्रायव्हरने सोमवारीच बजावलं, ‘उद्या शहराच्या मध्यभागी काम ठेवू नका.’ मी मीटिंग बुधवारवर ढकलली. त्या मंगळवारी, २५ जूनला, लोक संसदेत घुसले आणि गोळीबार झाला. मी दिवसभर वेस्टलँड्समधल्या खोलीत होतो. श्रीलंकेत २०२२ मध्ये ९ तारीख अशीच ठरून गेली होती: ९ मेला पंतप्रधान महिंदा राजपक्षांचा राजीनामा, ९ जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासात जमाव. निवडणुकीचा निकाल, कोर्टाचा निकाल, एखाद्या नेत्याचा स्मृतिदिन, शुक्रवारची दुपारची नमाज सुटायची वेळ, हे सगळं तिकीट काढण्याआधी कॅलेंडरवर बघायचं. इंग्रजी वर्तमानपत्र वाचून हे उमगत नाही. ड्रायव्हर, वॉचमन, चहावाला यांना विचारा.

डोंबिवली (श्रीलंका, २०२२)

तिथे भीती जमावाची कमी, पेट्रोलची जास्त. जूनअखेरीस साध्या गाड्यांना इंधन देणंच बंद झालं. कँडीहून कोलंबोला गाडी मिळेना, शेवटी रेल्वेने आलो. परतीच्या आदल्या रात्री विमानतळाजवळ मुक्काम करा, एवढंच सांगेन.

कळवा (सुदान, २०२३)

मी खार्तूममध्ये टेक्निशियन होतो. १५ एप्रिलला सकाळी लढाई सुरू झाली ती विमानतळावरही, त्यामुळे विमानाने निघायचा प्रश्नच नव्हता. वीज गेली, नळ बंद. आमच्यातल्या एका जुन्या माणसाने पहिल्याच तासात पाणी होतं तोवर बादल्या, पातेली, अगदी कचऱ्याचे नवे डबेसुद्धा भरून घेतले. त्यावर आम्ही दिवस काढले. खिडक्यांना गाद्या लावून मधल्या पॅसेजमध्ये झोपायचो.

आमच्यातल्या काहींचे पासपोर्ट कंपनीने स्वतःकडे ठेवले होते आणि ते ऑफिस गोळीबाराच्या भागात. याचा राग अजून आहे. त्यांना दूतावासाकडून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, त्यावर ते परतले. पासपोर्ट आपल्याजवळच ठेवा, मालक काहीही म्हणो. निदान पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत घरी असू द्या.

पुढे भारत सरकारच्या सुटकेच्या मोहिमेत, ऑपरेशन कावेरीत, बसने पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, मग विमान. पोर्ट सुदानचा रस्ता आठशे किलोमीटरच्या वर, चेकपोस्टवर चेकपोस्ट. फोन काढायचा नाही, फोटो नाही, लष्करी रंगाचे कपडे नाहीत. एकच माणूस बोलायचा, ज्याला अरबी येत होतं.

दहावी न झालेल्या आपल्या मुलांना सांगतो, ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर काही देशांत नोकरीला जायला आधी सरकारी परवानगी लागते) इराकसारख्या देशांत नोकरीला जाताना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेल्याच एजंटकडून जा. नोंद असली की प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं संरक्षणही मिळतं. टुरिस्ट व्हिसावर पाठवणाऱ्याकडून गेलात तर तुम्ही तिथे आहात याची नोंदच कुठे नसते.

(पुन्हा मी, धागा सुरू करणारी.) कळव्याच्या दादांचं वाचून माझं मत थोडं बदललं. थांबायचं ते पाणी आणि औषध आहे तोवर. ते संपायच्या आत निघायचा रस्ता आणि सोबत ठरलेली हवी.

विम्याबद्दल बरेच जण विचारत आहेत. पुष्कळशा ट्रॅव्हल पॉलिसींत युद्ध, बंड, दंगल यांतून झालेलं नुकसान वगळलेलं असतं. पॉलिसी घेताना ‘वगळलेल्या बाबी’ हे पान आधी उघडा आणि एजंटकडून लेखी उत्तर घ्या.

इराण, इराक, लेबनॉनकडे कामाला किंवा जियारतीला (धार्मिक स्थळांच्या यात्रेला) गेलेल्यांचे अनुभव अजून आलेले नाहीत. मुंब्रा, भिवंडी, पनवेलमधून बरेच जण जातात. त्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही लिहावं. फोन लागत नव्हता तेव्हा इथे बसून कोणाकोणाला गाठलंत, कशाने काम झालं, हेही हवं आहे.