सिमेंटमधून द्रव्ये ‘झिरपतात’ की त्यांचे ‘निक्षालन’ होते?

प्रश्न : सिमेंटच्या ठोकळ्यातून कॅल्शियम, क्रोमियम यांसारखी द्रव्ये पाण्यात किती जातील, हे संगणकाच्या साहाय्याने आधीच काढण्याविषयीच्या एका लेखाचा अनुवाद करीत आहे. या क्रियेला (इंग्रजीत ‘लीचिंग’) ‘झिरपणे’ म्हटले तर चालेल का? ‘निक्षालन’ फार जड वाटते.

उत्तर : ‘झिरपणे’ चालणार नाही, असे माझे मत आहे, आणि माझी हरकत शब्दाच्या वजनाला नसून त्याच्या कर्त्याला आहे. झिरपते ते पाणी. इथे पाणी जागचे हललेही नाही, तरी घन पदार्थातले द्रव्य बाहेर पडते. टाकी-चाचणीत ठोकळा चोहोबाजूंनी पाण्यात बुडवून ठेवतात आणि ठरावीक मुदतींनी पाणी बदलून त्यात काय उतरले ते मोजतात. नेदरलँड्सच्या जुन्या मानकात ही चाचणी ६४ दिवस चालते. ठोकळ्याच्या सूक्ष्म छिद्रांतल्या पाण्यात विरघळलेले आयन (विद्युतभारित कण) विसरणाने, म्हणजे दाटीकडून विरळ भागाकडे आपोआप पसरत, बाहेर येतात, म्हणून साध्या गणितात दुप्पट द्रव्य निघायला चौपट वेळ लागतो. ‘झिरपणे’ लिहिले की वाचकापुढे गळके छप्पर उभे राहते आणि हे गणित त्याला उमगत नाही.

‘निक्षालन’ हा ‘पादप्रक्षालना’चाच भाऊबंद आहे. कोकणातला जांभा तयार होताना पावसाच्या पाण्याने खडकातली सिलिका धुऊन नेली, त्या क्रियेसाठी हा शब्द भूविज्ञानात रुळलेला आहे. तिथे पाणी वाहते हे खरे, पण शब्दाचा भर द्रव्य धुऊन जाण्यावर आहे.

प्रतिप्रश्न : मग आपला ‘लोणा’ का नको? आणि ‘मॉडेल’ला ‘प्रारूप’ म्हणावे का?

उत्तर : भिंतीला लोणा लागतो तो क्षार पृष्ठभागावर येऊन पाणी उडून गेल्यावर, तो क्रियेचा मागाहून दिसणारा परिणाम आहे, क्रिया नव्हे. ‘प्रारूप’ तर नकोच, कारण मतदार याद्यांमुळे मराठीत त्याचा अर्थ ‘कच्चा मसुदा’ असा पक्का झाला आहे. ‘प्रतिमान’ बरे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेची ‘फ्रीक्सी’ (PHREEQC) ही संगणक प्रणाली अशाच प्रतिमानाने कोणते खनिज किती विरघळेल याचा समतोल मांडते : आधी सोडियम-पोटॅशियम निघून जातात, मग कॅल्शियम हायड्रॉक्साइड संपेपर्यंत सामू (पाण्याची आम्लता-अल्कता दाखवणारा पीएच) १२.५ च्या आसपास टिकतो, आणि त्यानंतर सिमेंटला बांधून ठेवणाऱ्या सिलिकेटमधला कॅल्शियम सुटू लागतो. किती द्रव्य निघेल हे असे आधीच काढण्याला ‘भाकीत’ म्हटले की ज्योतिषाचा वास येतो. पावसाप्रमाणे इथेही ‘अंदाज वर्तवणे’ नीट बसते.

क्रियापद म्हणून मात्र मी ‘उतरणे’च वापरीन. चहाचा अर्क उतरतो, कापडाचा रंग उतरतो. सिमेंटची नवी टाकी बांधल्यावर पहिले पाणी दोन-तीनदा भरून सोडून देतात, तेही चुना उतरतो म्हणूनच. तेव्हा शीर्षकात ‘निक्षालनाचा अंदाज’ आणि मजकुरात ‘पाण्यात उतरलेले क्रोमियम’ असे लिहावे.