लिबरल शहर, कॉन्झर्व्हेटिव्ह शहर: मराठीत काय म्हणायचं?

वाटसरू
मंडळी, एक शब्द अडलाय. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाला एक लेख आलाय, अमेरिकेतली कुठली शहरं कुठल्या विचारांची आहेत त्यावर. लेख चांगलाय पण लेखकाने सरसकट दोन गट पाडलेत, 'उदारमतवादी शहरं' आणि 'सनातनी शहरं'. पहिल्यात सॅन फ्रान्सिस्को, सिअ‍ॅटल, बॉस्टन, ऑस्टिन. दुसऱ्यात मेसा, ओक्लाहोमा सिटी, कोलोरॅडो स्प्रिंग्ज, जॅक्सनव्हिल. आता सनातनी म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर सोवळं आणि पळी-पंचपात्री येते, ओक्लाहोमा सिटी काही येत नाही, आणि उदारमतवादी म्हटलं की नामदार गोखले. मधे एका ठिकाणी त्याने 'लाल शहर' पण लिहिलंय, ते मी लगेच खोडलं. तुम्ही लोक काय शब्द वापरता? अंक छपाईला जायचाय, जरा लवकर सांगा.

पेठकरी
लाल खोडलंत ते बरं केलंत. आपल्याकडे लाल म्हणजे लाल बावटा, गिरणी कामगार, कॉम्रेड डांगे. अमेरिकेत लाल म्हणजे उजवा रिपब्लिकन पक्ष, बरोब्बर दुसरं टोक, आणि निळा म्हणजे त्यांच्या विरोधातला डेमोक्रॅटिक पक्ष. आणि तिथेही हे रंग काही आजोबा-पणजोबांपासूनचे नाहीत. २००० साली बुश-गोर निवडणुकीचा निकाल कित्येक आठवडे लटकला, रोज टीव्हीवर तोच नकाशा, तेव्हा लाल-निळं डोक्यात बसलं ते बसलंच. त्याआधी ज्या त्या चॅनेलची आपली मर्जी. १९८० ला एनबीसीच्या नकाशात रेगनने जिंकलेली राज्यं चक्क निळी होती.

उदारमतवादीचं दुखणं मात्र खोल आहे. रानडे, गोखले ज्या अर्थाने उदारमतवादी तो इंग्लंडातल्या लिबरलांचा घाट, सनदशीर मार्ग, व्यक्तिस्वातंत्र्य, अर्ज-विनंत्या, म्हणून तर टिळकांच्या बाजूचे त्यांना मवाळ म्हणायचे. अमेरिकेत १९३० च्या दशकात रूझवेल्टने न्यू डील आणलं आणि तिथून पुढे लिबरल म्हणजे सरकारने मधे पडावं, कर घ्यावेत, पेन्शन द्यावं, युनियनच्या पाठीशी उभं राहावं असं मानणारा माणूस. आता गंमत बघा, १९९१ पासून आपण ज्याला उदारीकरण म्हणतो त्यात सरकारने बाजारातून हात काढून घ्यायचा असतो!! म्हणजे शब्दात 'उदार' तेच आणि धोरण नेमकं उलट. तुमचा वाचक 'उदारमतवादी सॅन फ्रान्सिस्को' वाचून समजेल की तिथे धंद्याला आणि बिल्डरला मोकळं रान आहे. मोकळं रान असलंच तर ह्यूस्टनला, तिथे झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं हे ठरवणारा, कायदाच नाही, आणि ते ह्यूस्टन मतदानात डेमोक्रॅट. आता बोला.

निळूभाऊ
एवढं डोकं कशाला लावायचं, लिबरलला 'फुरोगामी' म्हणा, सगळ्यांना कळेल :)

पेठकरी
निळूभाऊ, तो शब्द चावडीवर ठीक आहे, दिवाळी अंकात नको. (पण 'पुरोगामी' हा शब्द शिवीसारखा कधीपासून वापरायला लागले यावर खरंच एक वेगळा धागा निघू शकतो.)

डॅलसवाला
अहो पण आधी 'शहर' कशाला म्हणताय ते तर ठरवा. आमच्याकडचे निम्मे मराठी लोक सांगताना "आम्ही डॅलसला असतो" सांगतात आणि राहतात फ्रिस्को नाहीतर प्लेनोला. डॅलस काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मतदानात पक्की डेमोक्रॅट. फ्रिस्को-प्लेनोचा बराच भाग येतो कॉलिन काउंटीत, तिथे २०१६, २०२० आणि २०२४ तिन्ही वेळा ट्रम्प. गाडीने अर्ध्या तासाचं अंतर नाही. मग 'डॅलस' लिबरल का कॉन्झर्व्हेटिव्ह? कुणाला विचारता त्यावर आहे.

उलटी केस फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलची. १९६८ ला शहर आणि ड्युव्हल काउंटीचा कारभार एकत्र केला, त्यामुळे जी उपनगरं इतर ठिकाणी शहराच्या हद्दीबाहेर असतात ती तिथे शहराच्या पोटात आहेत. अलास्का सोडलं तर क्षेत्रफळाने एवढं मोठं शहर अमेरिकेत दुसरं नाही. ओक्लाहोमा सिटी पण तशीच ऐसपैस पसरलेली. वर जॅक्सनव्हिलला नेव्हीचे तळ, निवृत्त फौजी, मोठमोठी चर्चेस. म्हणून मतं उजवीकडे, नुसती माणसं 'तशी' आहेत म्हणून नाही. आणि हे पण कायमचं नाही बरं का, २०२३ ला जॅक्सनव्हिलने डोना डीगन या डेमोक्रॅट बाईंना महापौर केलं.

टेक्सासमधे तर महापौराच्या निवडणुकीत मतपत्रिकेवर पक्षाचं नावच नसतं. डॅलसचे महापौर एरिक जॉन्सन डेमोक्रॅट म्हणून ओळखले जायचे, २०२३ च्या मे मधे परत महापौर झाले आणि सप्टेंबरमधे रिपब्लिकन पक्षात गेले. डॅलस शहर एका रात्रीत लाल झालं का? नाही ना. (आपल्याकडच्या आयाराम-गयारामांना हे ऐकून बरं वाटेल.)

वाटसरू
डॅलसवाला, हे झकास. पण ऑस्टिन तर सरळ आहे ना?

डॅलसवाला
ऑस्टिन सरळ आहे. २००५ ला टेक्सासने समलिंगी विवाहावर बंदी घालणारी घटनादुरुस्ती मतदानाला टाकली होती तेव्हा २५४ काउंट्यांपैकी फक्त एक ट्रॅव्हिस काउंटी विरोधात गेली, ती ऑस्टिनची. विद्यापीठ, सरकारी कचेऱ्या, गाणंबजावणं. त्याला 'पुरोगामी' म्हणा बिनधास्त.

मृगाचा पाऊस
'सनातनी'वर मला बोलायचंय कारण मी डेन्व्हरला असते आणि कोलोरॅडो स्प्रिंग्ज आमच्यापासून तासा-सव्वातासावर. हे शहर धार्मिक आहे हे खरं, फोकस ऑन द फॅमिली सारख्या इव्हँजेलिकल (कट्टर प्रोटेस्टंट ख्रिस्ती) संस्थांची मुख्यालयं तिथे, हवाई दलाची अकादमी तिथे. पण त्या गावाचं खरं वेड म्हणजे कर! डग्लस ब्रूस नावाच्या गृहस्थाने १९९१ ला शहरात आणि १९९२ ला अख्ख्या राज्यात असा नियम मंजूर करून घेतला की लोकांना मतदानात विचारल्याशिवाय सरकारने कर वाढवायचाच नाही. पुढे मंदी आली, विक्रीकराचं उत्पन्न घसरलं, २००९ च्या नोव्हेंबरमधे नगरपालिकेने मालमत्ता कर वाढवायची परवानगी मागितली आणि लोकांनी ती साफ नाकारली. बरं, मग २०१० मधे काय झालं तर रस्त्यावरच्या दिव्यांपैकी साधारण एक तृतीयांश दिवे बंद. बागांना पाणी घालणं बंद, हिरवळ वाळून पिवळी. बागांमधले कचऱ्याचे डबे उचलून नेले, ज्याने त्याने आपला कचरा घरी न्यावा. पोलिसांची हेलिकॉप्टरं विकायला काढली. आणि ज्याला आपल्या दारासमोरचा दिवा लागलेला हवा असेल त्याने पैसे भरून तो दिवा 'दत्तक' घ्यायचा! एका गल्लीत एक दिवा चालू, पुढचे बंद, असा प्रकार.

आता सांगा, याला सनातनी म्हणणार? सनातन्याला कराचं काय पडलंय. हा 'सरकार कमीत कमी हवं' वाला माणूस आहे, तो चर्चला जाईल नाहीतर नाही जाणार. आणि गंमत म्हणजे २०१५ ला त्याच गावाने खड्डे बुजवायला विक्रीकर वाढवायला हो म्हटलं, कारण खड्डा रोज गाडीखाली येतो. २०२३ ला तर येमी मोबोलाडे महापौर झाले, नायजेरियात जन्मलेले, कुठल्याच पक्षाचे नाहीत.

खरा 'सनातनी' शब्द शोभतो तो युटाहच्या प्रोव्होला. तिथल्या ब्रिगहम यंग विद्यापीठाच्या आचारसंहितेत दारू-सिगारेट तर नाहीच पण कॉफी नाही आणि चहा पण नाही. चहा!! मुलांना दाढी वाढवायची मुभा नाही. मात्र तिथून जेमतेम तासाभरावर सॉल्ट लेक सिटी, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचं मुख्यालय (प्रोव्होचं विद्यापीठही त्यांचंच), मोठं मंदिर, सगळं तिथेच, आणि त्या शहराचा महापौर १९७६ पासून कायम डेमोक्रॅट. २०१५ ला जॅकी बिस्कुप्स्की निवडून आल्या, त्या उघडपणे लेस्बियन. म्हणजे मंदिर आहे म्हणून गाव सनातनी असंही नाही.

पेठकरी
मृगाचा पाऊस ताई, प्रतिसाद आवडला. सनातनी, पुराणमतवादी, रूढिप्रिय हे सगळे शब्द आपल्याकडे धर्म आणि चालीरीतींच्या भांडणातून आलेत, आगरकरांच्या काळातले. करावरून भांडणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दच घडला नाही कारण तो पक्षच कधी नीट रुजला नाही, राजाजींचा 'स्वतंत्र पक्ष' आला आणि विरला. मी असतो तर 'करविरोधी' एवढंच लिहिलं असतं.

खाडीपलीकडे
सॅन फ्रान्सिस्कोबद्दल पण थोडं. इथे शेवटचा रिपब्लिकन महापौर १९६४ च्या जानेवारीत पायउतार झाला, त्यानंतर एकही नाही. म्हणून 'डेमोक्रॅट शहर' हे शंभर टक्के बरोबर. पण याच शहराने २०२२ मधे फेब्रुवारीत शाळा मंडळाचे तीन सदस्य आणि जूनमधे सरकारी वकील चेसा बुडीन यांना मुदतीआधीच घरी पाठवलं, बुडीन गुन्हेगारांशी मऊ वागतात म्हणून. आणि घरं बांधायची म्हटली की शेजारी लगेच हरकत घेऊन उभे, सावली पडेल, पार्किंग जाईल, गल्लीचं रूप जाईल. खिडकीत सगळ्यांचं स्वागत असल्याची पाटी आणि समोरच्या प्लॉटवर चार मजले मात्र नकोत. माझ्या मते ही खरी रूढिप्रियता, फक्त इथे तिला कोणी तसं म्हणत नाही.

सिअ‍ॅटलला 'डावं' म्हणा, ते चालेल. फेब्रुवारी २०२३ ला जातिभेदावर बंदी घालणारं अमेरिकेतलं पहिलं शहर ते, आणि तो ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्या स्वतःला लिबरल अजिबात म्हणवून घेत नाहीत, समाजवादी म्हणवतात, डेमोक्रॅटिक पक्षावर उठसूट टीका करतात. त्यांना 'उदारमतवादी' म्हटलंत तर त्या तुमच्या मंडळाला पत्र लिहितील. त्यानंतर कॅलिफोर्नियात राज्यभर तसाच कायदा करायचं घाटत होतं तो गव्हर्नर न्यूसम यांनी ऑक्टोबर २०२३ ला नाकारला. ते पण डेमोक्रॅटच. आमच्या इथल्या देशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर तेव्हा जी हाणामारी झाली ती विचारू नका.

निळूभाऊ
मायामी राहिलं. २०१६ ला हिलरीबाईंना मायामी-डेड काउंटीत प्रचंड आघाडी, २०२४ ला तिथेच ट्रम्प जिंकले. माणसं बरीचशी तीच. क्युबातून आणि व्हेनेझुएलातून पळून आलेल्यांना 'समाजवाद' शब्द नुसता ऐकू आला तरी अंगावर काटा येतो, मग मत कुठे जाणार.

वाटसरू
सगळ्यांचे आभार. लेखकाशी फोनवर बोललो, जरा कुरकुर केली पण ऐकलं. मतदानाबद्दल असेल तिथे सरळ 'डेमोक्रॅट शहर' आणि 'रिपब्लिकन शहर', चालीरीतींबद्दल असेल तिथे पुरोगामी आणि परंपरावादी, पैशाबद्दल असेल तिथे करविरोधी. उदारमतवादी सगळीकडून काढला. सनातनी फक्त प्रोव्होला ठेवलाय, चहासकट. आता एकच अडलंय. टॅरंट काउंटी, म्हणजे टेक्सासमधलं फोर्ट वर्थ, २०१६ ला ट्रम्प, २०२० ला अगदी थोडक्यात बायडन, २०२४ ला परत ट्रम्प. लेखकाने 'कुंपणावरची काउंटी' लिहिलंय. चालेल?

पेठकरी
नको. कुंपणावरचा म्हणजे मुद्दाम कुठलीच बाजू न घेणारा माणूस, तिथले लोक तर दर वेळी हिरिरीने मत देतायत. 'काठावरची' करा.

डॅलसवाला
काठावरची +१. पेपरवाले 'दोलायमान' लिहितात ते तेवढं नको, झोपाळा वाटतो.