फिल्म की डिजिटल : एक्स्पोजर आणि जुन्या लेन्सबद्दल थोडी भर

जुना फिल्म कॅमेरा स्वस्तात मिळतो म्हणून नवशिक्याने त्यावरच हात बसवावा, असे अनेकजण म्हणतात; त्या मताशी मी अर्धाच सहमत आहे. ३६ फोटोंच्या प्रत्येक रोलला, तो धुऊन घेण्याला आणि स्कॅनिंगला पैसे पडतात, आणि चूक कळेपर्यंत ती कोणत्या अॅपर्चरवर (लेन्समधल्या छिद्राच्या मापावर) झाली हे आठवतही नाही. (वहीत नोंद ठेवणारे विरळाच!)

एक्स्पोजरची, म्हणजे फिल्म किंवा सेन्सरवर किती प्रकाश पडू द्यायचा याची, सवयही दोन्हीकडे उलटी आहे. रंगीत निगेटिव्ह एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्तीचा प्रकाश सहज पचवते, पण प्रकाश कमी पडला की सावल्या मातकट होतात. याउलट डिजिटल सेन्सरवर उजळ भाग एकदा पांढराफटक पडला की त्यातला तपशील परत मिळत नाही, मात्र रॉ फाइलमधल्या (सेन्सरच्या कच्च्या नोंदीतल्या) सावल्या बऱ्याच उजळता येतात. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सरळ रंगांचे चित्र उमटते ती) या बाबतीत डिजिटलच्याच जवळची आहे.

घरात जुन्या लेन्स असतील तर आधी माउंट, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची खाच, पाहावा. कॅननने १९८७ मध्ये ईएफ माउंट आणला. कॅननच्याच त्याआधीच्या एफडी लेन्ससाठी माउंट ते फिल्म (किंवा सेन्सर) हे अंतर ४२ मिमी, तर ईएफमध्ये ४४ मिमी असल्यामुळे, एफडी लेन्स ईएफ कॅमेऱ्यावर काचेशिवायच्या अडॅप्टरने (जोडकडीने) लावली तर ती गरजेपेक्षा पुढे बसते आणि दूरचे दृश्य फोकसच होत नाही. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमीच असल्याने तिथे काचेशिवायची साधी जोडकडीही पुरते. फक्त एपीएस-सी सेन्सरवर (जो ३५ मिमी फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असतो) ५० मिमीची लेन्स फिल्मवरच्या सुमारे ७५ मिमीच्या लेन्सइतकेच दृश्य दाखवते.