खाणपट्ट्याला सरकारी मदत: टिपर पोसायचा की दुसरा धंदा उभा करायचा?

हिशेबनीस

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी दोनदा बंद पडल्या. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. एप्रिल 2014 मध्ये वर्षाला 2 कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी झाली. मग 7 फेब्रुवारी 2018 चा निकाल आला, 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं आणि 16 मार्चपासून पुन्हा सामसूम. दोन्ही वेळा सरकारने काय केलं? ट्रकवाल्यांना अर्थसाहाय्य दिलं, कर्जं एकरकमी परतफेडीत मिटवायला मदत केली. पहिल्या वर्षी हे बरोबरच होतं. पण त्यातला एकही रुपया डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे, केपे इथे दुसरा धंदा उभा करायला गेला नाही. माल परत निघेल या आशेवर टिपर (खनिज वाहणारा ट्रक) अंगणात उभा ठेवायचा, त्याचंच ते भाडं होतं.

आता खाणींचे लिलाव होऊन काही ब्लॉक (खाणक्षेत्रं) सुरू झालेत, तर हिशेब मांडू. सरासरी विक्री किंमत सोयीसाठी टनाला 1,000 रुपये धरा. रॉयल्टी (सरकारला द्यायचं स्वामित्वधन) 15 टक्के, म्हणजे 150. जिल्हा खनिज निधीत (खाणबाधित भागासाठीचा निधी) जुन्या लीजवर रॉयल्टीच्या 30 टक्के जायचे, म्हणजे 45. लिलावाच्या लीजवर 10 टक्केच, म्हणजे 15. आणि लिलावाचा प्रीमियम, म्हणजे बोलीत कबूल केलेला विक्री किमतीचा हिस्सा? काही ब्लॉकना 60 टक्क्यांच्या वर बोली लागली आहे, म्हणजे 600 च्या पुढे. तो सरळ राज्याच्या तिजोरीत. ज्या गावाच्या विहिरी आटतात त्याच्या वाट्याला टनामागे 15 रुपये. माझं म्हणणं एवढंच: प्रीमियमचा ठरावीक हिस्सा या पाच तालुक्यांसाठी कायद्याने बांधून ठेवा, आणि त्यातून ट्रकला एक पैसाही देऊ नका.

सहाचाकी

टिपर म्हणजे काय ते आधी समजून घ्या. खाणीवरचा टिपर सहा चाकांचा, दहा टनांचा. चासी आखूड, लोखंडी हौदा, मागचे पाटे जाड केलेले. 15-20 किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी बांधलेली ही गाडी. ती घेऊन हुबळीला भाजी आणायला जाता येत नाही. हौदा काढून दुसरी बॉडी चढवायची तर आरटीओकडे बदलाची नोंद, नवा फिटनेस, नवा विमा. एवढं करूनही लांब पल्ल्याला दहा-बारा चाकी गाडीसमोर टनाचा खर्च परवडत नाही. बांधकामाच्या खडी-मातीतही आता मोठ्या गाड्याच मागतात. मग ती विकायची कोणाला? तालुक्यातले सगळे एकाच महिन्यात विकायला निघाले तर घेणारा भंगारवालाच.

मदत दिली नसती तर बँकेने गाडी ओढून नेली असती आणि तारण ठेवलेलं घरही. ‘दुसरा धंदा’ करायला माणूस आधी कर्जातून सुटलेला लागतो. जुनं खातं थकीत असलं की कोणतीही अनुदान योजना बँकेच्या टेबलावरच मरते.

कुळागरकर

सहाचाकींचा शेवटचा मुद्दा मान्य. पण ‘दुसरं काही होऊच शकत नाही’ हा सूर मान्य नाही.

काजूच घ्या. सत्तरी-सांग्यात बहुतेक झाडं बियांपासून वाढलेली, म्हातारी आणि दाटीने उभी. कलमं लावायची तर 7 बाय 7 मीटरवर हेक्टरी 200 च्या आसपास बसतात. जांभ्या जमिनीत खड्डा मीटरभर लागतो, तिथेच लोक कंजुषी करतात आणि तिसऱ्या उन्हाळ्यात कलम वाळतं. वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7, आपली गोवा-1, सगळी चालतात. हाताला लागेल असं पीक चौथ्या वर्षापासून, पूर्ण उत्पन्न आठव्या-दहाव्या वर्षी. मोहोराच्या वेळी ढेकण्या या रस शोषणाऱ्या किडीवरची फवारणी चुकली की पीक गेलं, बुंध्याला रोठा (खोड पोखरणारी अळी) लागला की झाडच गेलं. म्हणजे साहाय्य हवं ते पहिली चार वर्षं, टप्प्याटप्प्याने, जगलेली कलमं मोजून. आपल्याकडे अनुदान रोपं देताना सुटतं आणि फोटो काढून संपतं.

आणि हो, डंपवर (खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर) काजू लावा म्हणणाऱ्यांनी एकदा डंपवर कुदळ मारून बघावी. टनभर मालामागे अडीच-तीन टन माती बाहेर पडते, तिच्यात सेंद्रिय असं काही नसतं. आधी पायथ्याला दगडी बांध, भोवती चर, उतारावर वाळ्याचं गवत. नाहीतर पहिल्या पावसात माती खालच्या भातशेतीत. तो लाल गाळ सुकला की त्याची पापडी धरते आणि रोप वर येत नाही.

खुलाबाजार

तिघांचंही एक गृहीतक चुकतंय, की कुठला धंदा चालेल हे सरकारला कळतं. धारबांदोड्याचा संजीवनी साखर कारखाना विसरलात? राज्यातला एकमेव. शेतकऱ्याला ऊस लावायला सांगितला, पण लागवडीचं क्षेत्र इतकं लहान की गाळपाला पुरेसा ऊस कधी मिळाला नाही. यंत्रं जुनी झाली, तोटा सरकार भरत राहिलं. 2019-20 च्या हंगामापासून गाळप बंद, ऊस कर्नाटकात पाठवायची वेळ आली आणि वर शेतकऱ्यांना दरवर्षी साहाय्य. एका धंद्यावरचं अवलंबित्व जाऊन तिजोरीवरचं आलं.

खनिजाचंही तेच. आपला माल कमी प्रतीचा, मुख्य गिऱ्हाईक चीन. मे 2022 मध्ये केंद्राने निर्यात शुल्क 50 टक्के केलं, नोव्हेंबरात 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या मालाचं काढून टाकलं. सहा महिन्यांत दोन टोकं. यावर पणजीचा काही ताबा नाही. राज्याने आपल्या हातातलं करावं: रस्ता, वीज, आणि जमिनीचे कागद. बाकी लोक बघून घेतील.

मोकासो

जमिनीचे कागद! अखेर कोणी तरी बोललं.

सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्याचा सातबारा) भलत्याच्याच नावावर असते. मोकासो (जुनी इनामं), आल्वारा (पोर्तुगीज सरकारने कसायला दिलेल्या जमिनी), वनखातं, काहीही. कसणाऱ्याचं नाव फार तर ‘इतर हक्क’ रकान्यात. बँकेला कब्जेदाराच्या रकान्यात नाव लागतं. कुळागरकरांचे मीटरभराचे खड्डे खणायला कर्ज हवं? उतारा. होमस्टेची नोंदणी? आधी घराचे कागद. ठिबकचं अनुदान? पुन्हा उतारा.

वनजमीन असेल तर वनहक्क कायदा 2006. दावा वनहक्क समितीकडे, मग ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती. सांगे-केप्यातला गावडा, वेळीप अनुसूचित जमातीतला, त्याला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवून भागतं. सत्तरीतल्या बिगर-आदिवासी शेतकऱ्याला मात्र तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. पोर्तुगीज काळातला कागद हवा. तो असतो पणजीच्या पुराभिलेखात, पोर्तुगीज भाषेत. भाषांतर कोण करणार, पैसे कोण देणार? तालुक्याला एक भाषांतरकार आणि दोन सर्व्हेअर नेमले तर ते कुठल्याही औद्योगिक धोरणापेक्षा जास्त काम करतील. सत्तरीतल्याच शेळ-मेळावलीत आयआयटीला विरोध झाला आणि जानेवारी 2021 मध्ये सरकारने प्रकल्प मागे घेतला, त्याच्या मुळाशीही हेच होतं. जमिनीवर आपलं नावच नाही तर भरपाई कोणाला मिळणार?

हिशेबनीस

@खुलाबाजार, ‘लोक बघून घेतील’ म्हणताना एक विसरता. रस्ता, वीज, सर्व्हेअर यांनाही पैसे लागतात आणि ते कुठून येतात हाच माझा प्रश्न आहे. खनिज निधीच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंत थेट बाधित, 25 पर्यंत अप्रत्यक्ष बाधित क्षेत्र. राजस्थानात ठीक आहे. डिचोलीभोवती 25 किलोमीटरचं वर्तुळ काढा, पणजी आत येते. मग त्या 15 रुपयांतून डिचोलीच्या टँकरऐवजी पणजीच्या जवळपासचं गटार बांधलं तरी नियमात बसतं. म्हणून म्हणतो, खाणीपासूनचं अंतर सोडा आणि तालुक्याचं नाव घालून बांधा.

@मोकासो, सर्व्हेअरचा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता. असायला हवा होता.

खंदकपाणी

कोणी पाण्याबद्दल बोललंच नाही. खाण भूजलाच्या पातळीखाली गेलेली असते. चालू असताना पंप रात्रंदिवस पाणी उपसतात, म्हणून आजूबाजूच्या विहिरी मार्चातच तळ दाखवतात. बंद झाली की दोन-तीन पावसाळ्यांत खंदक भरतो. उन्हाळ्यात ओप्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला पाणी कमी पडलं तेव्हा खंदकांतलंच पाणी पंपाने खांडेपार नदीत सोडलं होतं. म्हणजे साठा आहे, तो बागायतीला का नाही?

कारण खंदकाचे कडे. पायऱ्या ढासळलेल्या, काठ उभा. त्यात मत्स्यपालनाचे पिंजरे टाकायचे तर उतरायला तराफा आणि धक्का हवा, कड्याचा उतार कमी करायला पोकलेन हवा. आणि बांधाची तपासणी. सीमेपलीकडे दोडामार्गातल्या कळण्यात जुलै 2021 मध्ये खाणीतलं साठलेलं पाणी बांध फोडून खाली आलं आणि बागायती चिखलात गेल्या. पिंजरा टाकायच्या आधी बांधाला सांडवा आहे का, हे बघणारा अभियंता लागतो.

सहाचाकी

उतार कमी करायला पोकलेन, माती हलवायला टिपर, डंपच्या पायथ्याला दगड आणायला टिपर. ही कामं सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मोठ्या निविदेत घातली तर बाहेरचा ठेकेदार बारा चाकी घेऊन येईल. गावनिहाय छोटी कामं काढा, अट घाला: गाडीची नोंदणी त्याच तालुक्यातली, आणि खेपेमागे दर निविदेतच जाहीर. म्हणजे हिशेबनीसांचा एक पैसाही ट्रकला ‘मदत’ म्हणून द्यावा लागणार नाही.

हिशेबनीस

हे चालेल. फक्त बिलं साठ दिवसांत निघाली पाहिजेत. डिझेल रोखीने भरावं लागतं. सहा महिने बिल अडलं की गाडी पुन्हा अंगणात.