मेंदूत ठेवलेल्या केमोच्या वेफरचा त्रास कितपत होतो?

प्रश्न: बाबांची ग्लायोब्लास्टोमाची (मेंदूच्या कॅन्सरची) गाठ काढून त्याच पोकळीत ग्लियाडेल वेफर (केमोच्या औषधाच्या छोट्या चकत्या) ठेवल्यात, आता डोकं सारखं दुखतंय नि नुसते झोपाळल्यासारखे पडून असतात, हे केमोमुळेच का? केसपण गळतील का?

उत्तर १: यातलं कारमुस्टिन हे केमोचं औषध तिथल्या तिथे सुटतं, रक्तात फारसं जात नाही, म्हणून केस सहसा गळत नाहीत. पण मेंदूला सूज येऊ शकते, झोपाळलेपण वाढतंय तर आजच सर्जनला कळवा, सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा डोस तेच ठरवतील, तुम्ही स्वतःहून कमीजास्त करू नका प्लीज.

उत्तर २: फिटचं औषध अजिबात चुकवू नका, आमच्या आईला पहिल्याच आठवड्यात फिट आली होती. आणि टाके रोज बघा, जखम हळू भरते, उशीवर पाण्यासारखा ओला डाग दिसला किंवा ताप येऊन मान आखडली तर थेट हॉस्पिटल गाठा.

उत्तर ३: वेफर काढायला परत ऑपरेशन लागत नाही, आपोआप विरघळतात.